दप्तरातले गुरुजी

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, रत्नागिरी

विषय : शाळांच्या जुन्या दप्तरातील शिक्षकांची नावे जतन करणेबाबत

महोदय,

विषयाची ओळ मुद्दाम सरकारी भाषेत लिहिली आहे. ‘गुरुजनांप्रती कृतज्ञता’ असं काही लिहिलं असतं तर हे पत्र ५ सप्टेंबरच्या भाषणांच्या गठ्ठ्यात गेलं असतं. ‘जतन करणेबाबत’ म्हटलं की निदान आवक क्रमांक तरी पडतो.

मागणी छोटी आहे, तीच आधी सांगतो. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत, अगदी वाडीवरच्या एका खोलीच्या शाळेतसुद्धा, ती सुरू झाल्यापासून तिथे कोणी कोणी शिकवलं त्यांची नावं आणि सालं लिहिलेला एक फलक लागावा. आणि ज्या शाळा पटाअभावी बंद होणार आहेत किंवा दुसऱ्या शाळेत मिसळल्या जाणार आहेत, त्यांचं दप्तर हलवण्याआधी ही नावं उतरवून घेतली जावीत. एवढंच. आता हे कशासाठी, ते सांगायला मात्र जरा जागा लागेल.

आपल्या जिल्ह्याला मोठ्या माणसांची मोजदाद करायची भारी हौस. कुठल्याही समारंभात पहिला वक्ता उठतो तो ‘भारतरत्नांचा जिल्हा’ इथूनच सुरुवात करतो. महर्षी कर्वे, पांडुरंग वामन काणे, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव ते डॉ. आंबेडकर, मग लोकमान्य, साने गुरुजी, केशवसुत. यादी खरी आहे, अभिमानही रास्त आहे. पण ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं तांबड्या मातीतून हापूससारखी आपोआप उगवली. त्यांना कोणीतरी शिकवलं होतं, आणि यातल्या कित्येकांनी स्वतःही कधीतरी हातात खडू धरला होता, हे भाषणात येत नाही.

कर्व्यांचंच घ्या. १८७५ साली नोकरीसाठी लागणारी सरकारी परीक्षा द्यायला धोंडो केशव कर्वे मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. पावसाचे दिवस, मध्ये सह्याद्रीचा घाट, सगळं मिळून सुमारे ११० मैल. आणि तिथे पोचल्यावर ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. जिद्दीची गोष्ट म्हणून ही सगळ्यांना ठाऊक असते. मला तिच्यात दुसराच प्रश्न पडतो. दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या गावातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या पोराला आपण शिकून काही व्हावं आणि ते केवळ स्वतःपुरतं नसावं, असं मुळात कोणामुळे वाटायला लागलं? उत्तर कर्व्यांनी स्वतःच दिलेलं आहे. मुरूडच्या शाळेतले विनायक लक्ष्मण सोमण मास्तर. लोकांसाठी काही करावं ही ओढ आपल्याला सोमणांमुळे लागली, असं ते मोकळेपणाने सांगतात.

पुढे विधवांचा आश्रम झाला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं, १९५८ साली भारतरत्न मिळालं. आणि मध्येच कुठेतरी, शेजारच्या मुर्डीचा एक हुशार नातेवाईक मुलगा कर्व्यांकडे राहून शिकला आणि १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. तेच रघुनाथराव परांजपे. म्हणजे केंब्रिजच्या त्या यादीत पहिल्या आलेल्या पहिल्या भारतीयाची गुरुपरंपरा काढत गेलं तर ती मुरूडच्या मराठी शाळेत सोमण मास्तरांपाशी येऊन टेकते.

पण सोमणांचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते जिल्ह्याच्या कुठल्या नोंदवहीमुळे नव्हे. कर्व्यांनी १९१५ साली ‘आत्मवृत्त’ लिहिलं, म्हणून. ते लिहिलं नसतं तर सोमण मास्तर आपल्या लेखी झालेच नसते.

दुसरं नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळुसचे. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधी तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्हाच होता, तेव्हा त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क सांगतो. केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी ते फिरायला जात, तिथे एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला दिसे. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा. केळुसकरांच्या वर्गातला नाही, त्यांच्या शाळेतलाही नाही. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं देऊ लागले. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. कॉलेजच्या शिक्षणाचे पैसे संपत आले तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकणारेही केळुसकरच. ते पुस्तक त्या हातात पडलं नसतं तर काय झालं असतं, या अंदाजात मी शिरत नाही. पण शिक्षकाचं काम हजेरीपटावरच्या नावांपुरतं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी चर्नी रोडच्या बागेतली ही हकिकत जरूर आठवावी.

हे दोघे तरले, कारण त्यांचे विद्यार्थी पुढे जगाला माहीत झाले आणि त्यांनी मास्तरांची आठवण ठेवली. ज्यांचे विद्यार्थी डॉकयार्डात फिटर झाले, होडीवर तांडेल झाले, बागेत राखणीला राहिले, त्या मास्तरांचं काय?

आमच्या मास्तरांचं सांगतो. नाव लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं आणि त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलंही नाही. रत्नागिरी तालुक्यातली खाडीकाठची शाळा, जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, चार वर्गांना मिळून दोन खोल्या. निम्म्या पोरांचे बाप मुंबईत, बहुतेक गिरणीत. घरात आई आणि आजी, दोघींनाही अक्षर येत नाही. मनीऑर्डर येई, तिच्या खालच्या चिठोऱ्यावर बापाने लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवी. उत्तर लिहायचं कोणी? मास्तरांनी ‘पत्रलेखन’ हा पाठ्यपुस्तकातला विषय उचलला आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत खरोखरीची पत्रं लिहायला लावली. तिसरीच्या पोराने आईला विचारून यायचं काय लिहायचं, आणि शाळेत बसून लिहायचं. म्हैस व्याली. आजीचा दमा उठलाय. काकांनी बांध सरकवला. गणपतीला रजा मिळेल का.

ती पत्रं मास्तर तपासत. पण कशी? पेन्सिलीने, अगदी पुसट, ऱ्हस्व-दीर्घाच्या खाली एक छोटी रेघ. मजकुराबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. घराघरांतली भांडणं, कर्जं, आजारपणं, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जात होतं. वाडीत त्यांच्याइतकं कोणाला काही ठाऊक नसेल. त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडल्याचं कोणी सांगत नाही. ‘पत्र लिहिणाऱ्याचं असतं,’ एवढंच म्हणत. गोपनीयतेवर पुढे मी कार्यालयात प्रशिक्षणं घेतली, तिथे कोणी मला याच्या पलीकडचं काही शिकवलं नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. हळूहळू मनीऑर्डरी थांबल्या, मग बापच गावी परतू लागले. शनिवारच्या पत्राला पत्ता उरला नाही. मास्तरांनी तास बंद केला नाही. त्या वर्षी घरात खाणारी तोंडं वाढली आणि हातात पैसा नाही, म्हणून वरच्या वर्गातली काही पोरं शाळा सोडून कामाला लागली होती. मास्तर म्हणाले, त्यांना पत्रं लिहा. वर्गात काय चाललंय ते कळवा. कोणता धडा झाला, गणितात कुठे अडलं, मैदानावर कोणी कोणाला हरवलं. म्हणजे शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या, आमच्याच वाडीतल्या मुलाला आम्ही पोस्टकार्ड लिहीत होतो, आणि ते शहरातून फिरून परत वाडीत येत होतं. पोस्टमन वैतागला. पण आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचं कार्ड आलेली त्यातली काही पोरं जूनमध्ये शाळेत येऊन बसली, हे मी पाहिलं आहे.

अशा मास्तरांबद्दल आत्मवृत्तात कोण लिहिणार? आम्हा पोरांपैकी बहुतेकांनी त्या पोस्टकार्डांनंतर लांबलचक असं काही लिहिलंच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती तुमच्या कचेरीच्या जास्त जवळची आहे.

एके काळी हा जिल्हा वरच्या मुलखाला मास्तर पुरवत होता. टिळकांचे वडील गंगाधरपंत इथे रत्नागिरीत शिक्षक होते, त्यांनी त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलं, आणि १८६६ साली बढतीवर पुण्याला गेले. काणे काही वर्षं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकवून मुंबईला गेले. मालगुंडचे केशवसुत खानदेशात फैजपूरला इंग्रजी शाळेत राहिले, पुढे धारवाडला, आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोट त्यांनी मास्तरकीवर भरलं. पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. वसतिगृहात मुलांबरोबर राहायचे, त्यांचे कपडे, अंथरुणं नीट करायचे, आणि त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. ‘गुरुजी’ ही उपाधी त्यांना पालगडने दिलेली नाही, ती खानदेशातल्या पोरांनी दिली.

आज गंगा उलटी वाहते. आपल्या वाड्यांवरच्या शाळांत शिकवायला लातूर, परभणी, बीड, जळगाव, बुलढाण्याची मुलं येतात. शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर सुरुवात, पावसाळाभर न थांबणारा ओलावा, घरचं माणूस आजारी पडलं तर एक दिवस नुसता प्रवासात. मग आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. २०२३ साली असे शेकडो शिक्षक एकदम कार्यमुक्त झाले तेव्हा पालकांनी ओरड केली, स्थानिक डी.एड.धारकांनी आंदोलनं केली. स्थानिकांची मागणी चुकीची नाही. पण त्या गदारोळात जे गेले त्यांना ‘बाहेरचे’ असं एक लेबल चिकटलं, ते मला खटकलं. फैजपूरच्या लोकांनी केशवसुतांना बाहेरचे म्हणायचं का?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर मी कामानिमित्त गेलो होतो. तिथल्या शाळेच्या भिंतीवर एक तक्ता होता. लातूरकडचे एक गुरुजी तिथे काही वर्षं होते. त्यांच्याकडे सबंध वर्षात जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे जुलैच्या एका चांगल्या पंधरवड्यात पडून जातो, याचं त्यांना एवढं नवल वाटलं की त्यांनी प्लास्टिकची बाटली कापून, तिला पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला. मुलांनी रोज सकाळी पाणी मोजायचं, आकडा तक्त्यावर लिहायचा, आठवड्याची बेरीज, महिन्याची सरासरी, आलेख. चौथीची मुलं मिलिमीटर आणि सेंटिमीटर बिनचूक बदलत होती. आपण आयुष्यभर ज्या पावसात भिजलो त्याकडे पोरांना पाहायला शिकवलं ते पाऊस कमी पाहिलेल्या माणसाने. गुरुजी बदलून गेले त्या आठवड्यापर्यंत तक्ता भरलेला आहे, पुढचे रकाने कोरे. मी नाव विचारलं. नव्याने आलेल्या बाईंना माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. एका मुलीने आडनाव सांगितलं, दुसरीने ते खोडून वेगळं सांगितलं.

ऑगस्ट २०२२मध्ये शासनाने प्रत्येक वर्गात शिक्षकांचा फोटो लावायला सांगितलं होतं. ‘आपले गुरुजी’ असं त्या उपक्रमाचं नाव. नाव गोड, पण त्यामागचा हेतू स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवणारे शिक्षक पकडण्याचा होता, आणि हे शिक्षकांना कळत नव्हतं असं नाही. अपमान वाटलाच. बदली झाली की फोटो उतरवायचा, दुसरा लावायचा. म्हणजे फोटो पहाऱ्यासाठी, आठवणीसाठी नाही. मार्च २०२४मध्ये शिक्षकांचा पोशाख ठरवून दिला, नावामागे ‘टी’ लावायला सांगितलं. शिक्षकाचा मान नावामागे काय लावायचं यावर ठरत असता तर सोमण मास्तरांना तो कधीच मिळाला नसता.

‘जुनी नावं आता कुठून मिळणार’ असा शेरा या पत्रावर पडेल, ते मी धरून चाललो आहे. म्हणून आठवण देतो. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी कागदपत्रं बाहेर काढली गेली. त्यात शाळांची जनरल रजिस्टरंही होती. मोडीतली पानं वाचायला जाणकार बसवले, नोंदी स्कॅन झाल्या. म्हणजे ठरवलं तर कपाट उघडतं, किल्ली सापडते, मोडी वाचणारा माणूसही मिळतो. जातीची नोंद ज्या कपाटात सापडते त्याच कपाटात शिक्षकांची हजेरीपत्रकं, पगारपत्रकं आणि तपासनिसांची शेरेबुकं असतात. १९६२ साली जिल्हा परिषद झाली, त्याआधीच्या स्कूल बोर्डाच्या काळातलीही. जुन्या शेरेबुकात तर कोण मास्तर काय शिकवत होता आणि पोरांना कविता पाठ होत्या का, इथवर तपशील असतो.

ही कपाटं फार दिवस टिकणार नाहीत. दमट हवा, कसर, वाळवी, गळकं कौल. आणि त्याहून वेगाने शाळाच जाताहेत. वीसच्या आत पट असलेल्या शाळा आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत. सप्टेंबर २०२३मध्येच शासनाने लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्तावही मागवले होते. अशा शाळा बंद करू नयेत असं माझं स्वच्छ मत आहे, पऱ्याला पाणी आलं की सहा वर्षांचं पोर पलीकडच्या गावात जाऊ शकत नाही हे मुंबईतून दिसत नाही. पण तो वाद या पत्रात घालत नाही. शाळा मिसळली की तिचं दप्तर गोणत्यात भरून केंद्रशाळेत जातं. तिथे दाखल्यांसाठी जनरल रजिस्टर तेवढं जपतात, कारण त्यासाठी लोक रांग लावतात. बाकीचं कोपऱ्यात.

आदर्श शिक्षक पुरस्कारांबद्दलही दोन शब्द. पुरस्कार हवा असेल तर शिक्षकाने स्वतःच प्रस्ताव करायचा, त्याला फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं जोडायची, ही पद्धत मला आजवर समजलेली नाही. आमच्या मास्तरांनी प्रस्ताव केला असता तर जोडलं काय असतं? दुसऱ्यांची खासगी पत्रं? ज्याला शिकवून दहा-पंधरा वर्षं झाली त्या विद्यार्थ्याला विचारा. गावात शोधायला फार लांब जावं लागत नाही, गणपतीत सगळे घरीच असतात.

खर्चाचा मुद्दा येईल म्हणून सांगतो. एक पत्रा, रंगाचा डबा आणि पेंटरची एका दिवसाची मजुरी. गावोगावच्या मुंबईकर मंडळांकडे शब्द टाकून बघा. देवळाच्या जीर्णोद्धाराला जी माणसं वर्गणी काढतात ती स्वतःच्या शाळेच्या फलकाला नाही म्हणणार नाहीत. कागद ठेवायला जागा नाही, असं असेल तर रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाशी बोलता येईल. १८२८ सालापासून ही संस्था पुस्तकं सांभाळते आहे, शेरेबुकांच्या स्कॅन प्रतींचं तिला ओझं व्हायचं नाही.

फलकावर नावं लिहिताना मोठा-छोटा भेद करू नये. मुख्याध्यापक, उपशिक्षक, शिक्षणसेवक, तीन महिन्यांपुरते येऊन गेलेले, सगळे. नावासमोर त्यांचं मूळ गाव लिहावं, मग ते लातूर असो की लांजा. आळशी मास्तरांचंही नाव येईल. येऊ दे. कोण कसा होता ते वाडीला माहीत असतं.

हे पत्र वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही सांगणं आहे. आदेश निघेपर्यंत थांबू नका. येत्या शिमग्याला किंवा गणपतीला घरी याल तेव्हा शाळेत एक चक्कर मारा, आपल्याला पहिलीत कोणी शिकवलं ते नाव पूर्ण लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. नुसतं आडनाव नको.

आणि महोदय, आपल्याकडे विनंती एवढीच की पुढच्या संचमान्यतेत कुठल्या शाळा जाणार ते ठरण्याआधी या विषयाचं परिपत्रक निघावं. मागाहून निघालं तर काही शाळांच्या बाबतीत ते कोणाला पाठवायचं हाच प्रश्न पडेल.

आपला,
जिल्हा परिषद शाळेचा एक माजी विद्यार्थी,
तालुका रत्नागिरी